वांगे, टमाटर आन कोरडी टाकी

सावरबोडीच्या वेशीतून लुना आत शिरली की आधी कुत्री भुंकायची आणि मग भोंगा बोलायचा.

"वांगे घ्या, टमाटर घ्या, आलू-कांदे घ्या, सांबार घ्या वो बाया, ताजा हिरवा सांबार! आन आयका! उद्या नर्सबाई कोहाटोल्यात येऊन राहिली. लेकरांच्या सुया आहेत. जे बाई लेकरू लपवंन तिले आलू भेटनार नाई!"

आवाज रुख्माचा. भोंगा तिचा, लुना तिची, आणि आलू देणार नाही म्हणाली म्हणजे खरंच द्यायची नाही. एकीनं सुईच्या भीतीनं पोराला कणगीमागं दडवलं, तर रुख्मानं तिला आठवडाभर तागडीजवळ उभं केलं नाही. बाई शेवटी पोराला कडेवर घेऊन नर्सबाईच्या मागं पुढच्या गावी गेली, सुई टोचून आणली आणि पोराच्या दंडावरचा फोड रुख्माला दाखवला. तेव्हा कुठं आलू मिळाले. वर एक वांगं फुकट.

पंचेचाळिशीची बाई. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला गमछा, पायात रबरी बूट. पहाटे गोंदियाच्या मंडीतून माल उचलायचा, कामठ्याच्या अंगानं निघायचं आणि आडवाटेची गावं घेत दुपारी घरी. नवरा बकाराम सडक अर्जुनीला हायवेवरच्या एका ढाब्यावर रोट्या शेकतो. गावात आला की लोक त्याला टोचत, "बकाराम, तुही बायको दिवसभर वरडते. घरी तरी गप राहते का गा?"

तो म्हणे, "मी म्हनूनच ढाब्यावर राहतो जी. तिथं ट्रकाचे हारन असतात. कानाले जरा आराम भेटते."

भोंगा तिनं गोंदियाच्या छोटेलालच्या दुकानातून घेतला होता. छोटेलाल म्हणाला होता, "ले जाओ भाभी, आवाज भरी-भराई है. बस बटन दबाना." त्यात कुण्या बाप्याचा आवाज भरलेला. 'आलू ले लो, प्याज ले लो.' पहिल्याच दिवशी कोहाटोल्याच्या बाया पोट धरधरून हसल्या. "रुख्मा, तुया पोटात कोन मानूस बसला व? बकारामले मालूम आहे का?"

घरी येऊन तिनं भोंगा उलटापालटा केला. लाल बटण सापडलं. ते दाबून बोललं की जुना आवाज पुसला जाई आणि नवा बसे. पण मावे किती, तर एका दमात बोलता येईल तेवढंच. त्यामुळं रुख्माला लांबण लावायची सवयच लागली नाही. पुढं तिच्या बातम्या ऐकणाऱ्याला वाटे, बाई चिडली आहे. चिडलेली असायचीच, पण दमही तेवढाच होता.

आता कोहाटोल्याचं सांगायला पाहिजे. सावरबोडी हे गाव, आणि नाल्यापलीकडं जंगलाला टेकून बसलेला कोहाटोला. घरं गोंडांची, ढिवरांची, थोडी गावातून फुटून गेलेली. मतदान एक, ग्रामपंचायत एक. पण मोबाईलची रेंज नाल्यापाशी येऊन थांबते, जशी काही तिला पाय भिजवायचे नाहीत. आणि पंचायतीनं तर दवंडी बंद करून सगळा कारभार मोबाईलच्या ग्रुपवर नेलेला. ग्रुपचं नाव 'आपला सावरबोडी परिवार'. राशन कधी, गुरांची लस कधी, ग्रामसभा कधी, सगळं त्या परिवारात. टोला त्या परिवारात नव्हता.

टोल्याचं पहिलं घर अनुसयाबाईचं. म्हातारी, एकटी, कमरेत वाकलेली, पण जिभेत नाही. राशनच्या मशीनवर अंगठे घ्यायला माणूस आला होता. ग्रुपवर आठवडाभर नोटीस फिरली. म्हातारीला काही कळलं नाही, आणि तिचं धान्य थांबलं. त्या दिवशी रुख्मा 'आलू घ्या, कांदे घ्या' करत तिच्या दारात आली, तर म्हातारीनं लुनाच्या पुढं काठी आडवी घातली.

"बंद कर तो भोंगा."

"काऊन वो बुढीमाय? का झालं?"

"तू रोज बोंबलत येतेस. आलू आले मनून सांगतेस, कांदे आले मनून सांगतेस. अंगठ्याची मशीन आली मनून सांगाले तुये तोंड दुखत होते का?"

"मी का पंचायत आहो का?"

"पंचायत नाई येत इथं. तूच येतेस."

एवढंच. म्हातारीनं काठी बाजूला घेतली आणि आत गेली. रुख्मानं लुना स्टँडवर लावली. मग तिथंच, अनुसयाबाईच्या दारात, लाल बटण दाबलं आणि वांग्या-टमाटरच्या मागं पहिली बातमी जोडली. कुणाचे अंगठे राहिले असतील तर मशीन उद्या शेजारच्या गावात आहे, जा. म्हातारीला तिनं स्वतः मागं बसवून नेलं. आलूच्या क्रेटवर बसून म्हातारी गेली आणि अंगठा लावून आली.

तेव्हापासून तो धंदाच होऊन बसला. सकाळी गावच्या पारावर कोण काय बोललं, ग्रुपवर काय आलं, ते गावातल्या बाया भाजी घेता घेता सांगत. रुख्मा नाल्याच्या अलीकडं थांबून ते भोंग्यात भरे आणि टोल्यात वाजवे. टोल्यातलं परत येताना गावात वाजवे. धान खरेदीचं केंद्र उघडलं. बिसरामची गाय हरवली, कपाळावर चांद आहे. नागझिऱ्याकडून वाघ उतरला, मोह वेचायला एकट्या जाऊ नका. बोलणं अंगणातलं, त्यात कुठं 'सूचित करण्यात येते' नाही. गावातले शिकलेले हसले, मग तेही लुना आली की दारात येऊन उभे राहू लागले.

सगळ्यांत आधी यायची रेणू. पण समोरच्या दारात नाही, मागच्या.

रेणू म्हणजे सावरबोडीची सरपंच. सीट बाईसाठी राखीव निघाली तेव्हा भोजराजनं बायकोला उभं केलं, निवडून आणलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर स्वतः बसला. लोक त्यालाच सरपंच म्हणत. कागदावर सही रेणूची, बाकी सगळा आवाज भोजराजचा. रेणू मागच्या दारी येऊन सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेई, देठ मोडून वास बघे आणि भोंगा पूर्ण संपेपर्यंत आत जात नसे. बोलत काही नसे.

मग आली टाकी.

कोहाटोल्यात पाण्याची टाकी बांधली होती. उंच, निळ्या रंगाची, वर तिरंगा काढलेला. घरोघर तोट्याही बसल्या. पाणी काही आलं नाही. उन्हाळा गेला, बाया नाल्यातल्या झिऱ्यावरून हंडे आणत राहिल्या आणि टाकीच्या पायऱ्यांवर शेळ्या सावलीला बसू लागल्या. एके दिवशी रुख्मानं वांग्यामागं जोडलं: "आन आयका! कोहाटोल्याची टाकी उभी आहे. टाकीत पानी काऊन नाई?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाकीच्या बातम्या बदलत, ही शेवटची ओळ तशीच.

भोजराजनं तिला चौकात अडवलं. पारावर माणसं बसलेली.

"रुख्माबाई, भाजी विकाची तर भाजी विक. पंचायत कायले विकून राहिली?"

"विकून नाई राहिली जी. फुकट वाटून राहिली."

"टाकीचं काम चालू आहे. इंजिनेर येनार आहे."

"मंग तसंच सांगा ना भाऊ. घ्या." तिनं हँडलचा भोंगा सोडवून त्याच्या तोंडापुढं धरला. "मी लाल बटन दाबतो, तुमी बोला. कोनत्या दिवशी येनार ते सांगा. गावात वाजवतो, टोल्यात वाजवतो. मायं बोलनं पुसून तुमचं भरतो."

भोजराजनं मारक्या बैलाकडं बघावं तसं त्या भोंग्याकडं बघितलं. "मी का भाजीवाला आहो, भोंग्यात बोलाले?"

"भाजीवाल्यालेच भाव सांगा लागते जी. सरपंचाले काई सांगाच नाई लागत."

पारावर कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं घात केला. भोजराजला टाकी विसरता आली असती, हसणं नाही.

धानाच्या रोवणीचे दिवस लागले. बाया पहाटेपासून बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, गुडघाभर चिखलात. अशाच एका सकाळी ग्रामसभा झाली. नोटीस आदल्या रात्री ग्रुपवर. हजर कोण, तर भोजराज आणि पारावरची माणसं. ठराव झाला: गावाच्या हद्दीत फेरीवाल्यांनी भोंगा वाजवू नये, ध्वनिप्रदूषण होते. सही सरपंच रेणूबाईंची.

पंचायतीचा शिपाई मनिराम वेशीत उभाच होता. लुना थांबली तशी तो जमिनीकडं बघत म्हणाला, "वयनी, भोंगा दे. जमा कराचा आहे."

"नवरदेवाच्या वरातीत डीजे वाजते, घरावरची कवलं नाचतात, तवा तुमचं प्रदूषण कुठं जाते?"

"मले का बोलतस? मी हुकमाचा मानूस."

"हुकूम कोनाचा?"

"सरपंचाचा."

"कोनत्या सरपंचाचा? साडीतल्या का पँटातल्या?"

मनिरामनं इकडं तिकडं बघितलं. "पँटातल्या. हळू बोल ना वयनी."

भोंगा पंचायतीच्या कपाटात गेला. रुख्मा तिथून थेट रेणूच्या मागच्या दारी गेली. सांबार पुढं केला नाही. म्हणाली, "वयनी, ठरावावर सही तुमची आहे."

रेणूच्या हाताला चिखल वाळलेला होता. बांधीतून नुकती आली होती. "सही केली," ती म्हणाली. "वाचाले देल्ला नाई."

"आता तरी वाचा," रुख्मा म्हणाली आणि वळली.

त्या दिवशी ती घशानं ओरडली. सावरबोडीची गल्ली अन् गल्ली, मग टोला. वांगे, टमाटर, गुरांची लस, आणि शेवटी टाकी. परत येताना आवाज बसला. दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडं अनुसयाबाईच्या दारात पोचली तर गळ्यातून नुसती हवा.

म्हातारीनं तिच्या तोंडाजवळ कान नेला. "का आहे आजची बातमी? मले सांग."

रुख्मा कुजबुजली.

टोला जंगलाच्या काठचा. वाघ दिसला की पहिल्या घरानं हाक द्यायची, दुसऱ्यानं उचलायची, तिसऱ्यानं पुढं फेकायची. माणूस पळत जाईस्तोवर हाक शेवटच्या घरी पोचलेली असते. ही रीत जुनी. अनुसयाबाई काठीवर उभी राहिली, छाती भरून घेतली आणि तीच हाक दिली. फक्त वाघाऐवजी टमाटर घातलं.

"टमाटर आलेऽऽ! बैलाचा डाक्टर परवा येतेऽऽ! टाकीत पानी काऊन नाईऽऽ!"

पुढच्या घरानं उचललं. त्याच्या पुढच्यानं उचललं. टोल्याच्या टोकाला जी बाई धुणं धूत होती तिनं ते नाल्यापलीकडच्या बांध्यांकडं फेकलं. बांधीतल्या बायांनी कंबर सरळ केली आणि बांधाबांधानं पुढच्या धुऱ्यावर दिलं. त्या बांध्या बहुतेक भोजराजच्या होत्या. तो छत्री घेऊन मजूर बघत उभा, आणि चारी बाजूंनी एकच प्रश्न अंगावर यायला लागला.

"तुमी रोवनी करून राहिल्या का रेडिओ चालवून राहिल्या?" तो ओरडला.

"दोनी करून राहिलो मालक!" चिखलातून उत्तर आलं. "हात कामात, तोंड मोकळं!"

भोंगा एक होता तो कपाटात बंद करता आला. आता कोणाकोणाचं तोंड कोणत्या कपाटात घालणार? असं रोज चाललं. रुख्माचा घसा सुधारला तरी ती हळूच सांगू लागली. ओरडायचं काम टोल्यानं घेतलं होतं.

रोवणीचा शेवटचा दिवस आला. त्या दिवसाची आपल्याकडं रीत आहे: शेवटची बांधी रोवायची राहिली की बाया मालकाला गाठतात, चिखल लावतात आणि मागणं मागतात. मालकानं रागवायचं नाही, आणि नाही म्हणायचं नाही. कुणी लुगडं मागतं, कुणी कोंबड्याचं जेवण. नाही म्हणणाऱ्या मालकाची शेवटची बांधी कुणी रोवत नाही. उपटलेले पऱ्हे, धानाची रोपं, धुऱ्यावर उन्हात वाळत पडतात आणि गाव वर्षभर बोलतं.

रुख्मा आलू-कांदे घेऊन धुऱ्यावर आली होती. रेणू बांधीत होती, मजूर बायांच्या ओळीत. घरची बाई म्हणून ती दरवर्षी रोवायची. भोजराज पांढरा शर्ट घालून आला होता. दरवर्षी तोच जुना शर्ट घालायचा, चिखलासाठी राखून ठेवलेला.

बायांनी त्याला घेरलं. गालाला चिखल, कपाळाला चिखल. तो हसत होता. "बस करा वो! मांगा का मांगाचं ते. कोंबडा का बकरा?"

"भोंगा," एक जण म्हणाली.

त्याचं हसू चिखलाखाली वाळलं. "का?"

"रुख्माचा भोंगा. कपाटातून काढून दे. आमचं मागनं तेच आहे."

"हे असं मागनं असते का? खान्यापिन्याचं मांगा."

"खानं आमी आमचं खातो मालक. भोंगा द्या."

बाया धुऱ्यावर बसल्या. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीच्या कडेला, ऊन चढत होतं. भोजराजनं पेंढ्यांकडं बघितलं, बायांकडं बघितलं, आणि सुटायची एक वाट काढली. रोजची वाट, पण जागा चुकली.

"हे पाहा," तो म्हणाला, "तो पंचायतीचा ठराव आहे. माया हातात काई नाई. सरपंच ठरवंन तेच होईन."

मग अनुसयाबाई, जी काम नसताना नुसती गंमत बघायला काठी टेकत आली होती, ती म्हणाली, "मंग विचारा ना. सरपंच चिखलातच उभी आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. रेणू बांधीच्या मधोमध, हातात अर्धी पेंढी. तिनं नवऱ्याकडं बघितलं. भोजराज बारीक आवाजात म्हणाला, "रेणू, तू बोलू नको. मी पाहतो."

रेणूनं हातातली पेंढी खाली ठेवली. चार पावलं चालत आली, ओंजळभर चिखल उचलला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशावर, थापला.

"मी कधी लावला नोहोता," ती म्हणाली. मग भोजराजबरोबर आलेल्या, धुऱ्यावरच्या शिपायाकडं वळली. "मनिराम, जा. भोंगा आन."

मनिरामनं सवयीनं भोजराजकडं बघितलं.

"तिकडं का पाहतस? सही माही लागते. मी सांगून राहिली. जा!"

मनिराम सायकलवर गेला. बाया बसून राहिल्या, कुणी पान खाल्लं, कुणी तंबाखू मळली. भोजराज खिशावरचा चिखल पुसत होता, तो आणखी पसरत होता. आणि मग लांबून, गावाच्या बाजूनं, धुऱ्याधुऱ्यानं आवाज येऊ लागला:

"वांगे घ्या, टमाटर घ्या... आन आयका! कोहाटोल्याची टाकी उभी आहे. टाकीत पानी काऊन नाई? वांगे घ्या, टमाटर घ्या..."

मनिरामला भोंगा बंद करता येत नव्हता. एका हातानं सायकल, दुसऱ्या हातानं तो भोंग्याची सगळी बटणं दाबत येत होता आणि भोंगा आणखीच जोरात विचारत होता. बाया हसून हसून धुऱ्यावर आडव्या झाल्या. "मनिराम, बरबटीच्या शेंगा कशा देल्ल्या गा?"

रुख्मानं भोंगा घेतला, बंद केला. हसली नाही. तो तिनं रेणूच्या पुढं धरला.

"वयनी, तुमच्या घरच्याइले विचारलं होतं, ते बोलले नाई. आता तुमाले विचारतो. लाल बटन दाबू का?"

रेणूनं हाताचा चिखल पदराला पुसला. "दाब."

"एका दमात बोला. जास्त मावत नाई."

रेणू बोलली. "मी रेणू. सरपंच. टाकीत पानी नाई, हे खरं आहे. काऊन नाई, ते मले बी कोनी सांगतलं नाई. रोवनी सरली का ग्रामसभा घेतो. पारावर नाई, कोहाटोल्यात. बाया मोकळ्या असतात तवा, दुपारी. भोंग्याचा ठराव तिथंच रद्द कराचा आहे. समद्यांनी या."

बायांनी उठून शेवटची बांधी रोवली. भोजराज छत्री तिथंच विसरून घरी गेला.

ग्रामसभा टोल्यात झाली, त्या कोरड्या टाकीच्याच सावलीत, शेळ्या हाकलून. भोंग्याचा ठराव सगळ्यांत आधी पुसला. मग इंजिनेरला बोलावलं होतं तो उभा राहिला. विहिरीवर मोटारच बसवलेली नव्हती. पाइप होते, टाकी होती, तिरंगा होता, मोटार नव्हती. पोळ्याच्या आत बसवतो म्हणाला. रेणूनं त्याला भोंग्यात बोलायला लावलं आणि ते रुख्मानं तीन गावांत वाजवलं.

पोळा झाला. बैल सजले, साज उतरला. मोटार आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावरबोडीच्या वेशीत कुत्री भुंकली.

"वांगे घ्या, टमाटर घ्या, सांबार घ्या वो बाया! आन आयका! सरपंच रेणूबाईच्या ग्रामसभेत देल्लेली तारीख काल गेली. टाकी कोरडी आहे. सरपंचबाई, जवाब द्या!"

लुना रेणूच्या घरापुढं आली. मागच्या दाराकडं वळणार तोच पुढचं दार उघडलं. रेणू उंबऱ्यावर उभी होती. भोंगा तिच्याच नावानं विचारत होता. तिनं तो पूर्ण ऐकला.

"तुमचं नाव घेतलं वयनी," रुख्मा म्हणाली. "मोटार येईस्तोवर घेनार."

"घे ना. मी आज गोंदियाले जाऊन राहिली, त्या इंजिनेरच्या हापिसात. हा भोंगा दुपारी मले देशीन का? तिथं वाजवाचा आहे."

"कायले देईन? मीच येतो ना वाजवाले."

रेणूनं सांबाराची जुडी घेतली, देठ मोडून वास घेतला, आणि आतल्या खोलीकडं मान वळवून म्हणाली, "आन रुख्माबाई, जरा आवाज वाढव. घरात बसले आहेत त्याइले आयकू येत नाई."

रुख्मानं बटण शेवटपर्यंत पिळलं.